क्रिओसोट मुरलेली जमीन जिवाणू साफ करतील का?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

लाकूड टिकाऊ करण्याचे कारखाने बंद पडले, यंत्रे गेली, पण औषध मातीत राहिले. अशा जागा जैविक पद्धतीने साफ करण्याबद्दल आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एका जागेवर पूर्वी विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर टिकाऊ करण्याचे काम चालत असे. आज तिथे मोकळे मैदान आहे. काही ठिकाणी डांबराचा वास येतो, तर काही ठिकाणी मातीला हिरवट झाक आहे. ही माती जिवाणूंकडून साफ करून घेता येईल का? सुरुवात कुठून करावी?

आधी मातीत नेमके काय आहे ते शोधा. अशा जागांवर मुख्यतः तीन औषधे सापडतात आणि तिघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिले क्रिओसोट. हे कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल. जॉन बेथेल यांनी १८३८ साली दाबाखाली ते लाकडात भरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि स्लीपरचा धंदा त्यावर उभा राहिला. त्याचा सुमारे ८५ टक्के भाग पीएएच, म्हणजे अनेक वलये एकमेकांना जोडलेली कर्बसंयुगे, असतो. यातली दोन-तीन वलयांची संयुगे जिवाणू आवडीने खातात, चार वलयांची सावकाश, पाच-सहा वलयांची जवळजवळ नाहीच. दुसरे पेन्टाक्लोरोफिनॉल, म्हणजे पीसीपी. ते बहुधा डिझेलसारख्या तेलात ५ टक्क्यांच्या आसपास मिसळून वापरत. योग्य जिवाणू असतील तर तेही खाल्ले जाते. तिसरे सीसीए : तांबे, क्रोम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंती कामेसन यांनी १९३० च्या दशकात ते शोधले. ही मूलद्रव्ये आहेत, त्यांचे विघटन कोणताही जिवाणू करू शकत नाही. तुमच्या मैदानातली हिरवट झाक तांबे-क्रोमची असू शकते. तसे असेल तर त्या भागाचा हिशेब पूर्णपणे वेगळा ठेवा.

नमुने घेताना मैदानावर सारख्या अंतराचे चौकोन आखून थांबू नका. जुना नकाशा किंवा जुने कामगार यांच्याकडून चार जागा शोधा : दाबटाकीचे तोंड जिथे उघडे ती जागा, ओले लाकूड निथळत ठेवायची जागा, गाळाचा खड्डा आणि तेलाच्या टाक्या. सगळ्यात जास्त विष इथेच मुरलेले असते. प्रत्येक ठिकाणी ०–१५, १५–३०, ५० आणि १०० सेंमी खोलीवरचे नमुने घ्या. माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, टेफ्लॉन अस्तराचे झाकण लावा आणि ४ अंश सेल्सिअसला ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीतून नॅप्थलीन (क्रिओसोटमधले दोन वलयांचे हलके पीएएच) उडून जाते आणि अहवालात खोटा दिलासा येतो.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. क्रिओसोट पाण्यापेक्षा जड असते. ते भेगांतून उतरत जाऊन चिकणमातीच्या थरावर साचते. नमुन्यासाठी तो थर आरपार भोकला, तर साचलेल्या तेलाला खालच्या पाण्यापर्यंत वाट करून दिल्यासारखे होते. चिकणमाती लागताच थांबा आणि भोक बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने, बुजवा.

पीसीपी सापडले, तर डायॉक्सिन या अतिविषारी क्लोरीनयुक्त संयुगांची तपासणीही पहिल्या फेरीतच करून घ्या. कारखान्यात बनणाऱ्या पीसीपीत ते अशुद्धी म्हणून येते आणि जिवाणूंच्या उपचाराने व्यवहारात हलत नाही. वर्षभर खर्च करून पीसीपी घालवायचे आणि शेवटी डायॉक्सिनमुळे माती उचलावीच लागायची, अशी वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : माती खणून वाफ्यात पसरून उपचार करायचे ठरले आहे. वाफा कसा बांधावा?

तळाची जमीन रोलरने दाबा आणि एका बाजूला १ ते २ टक्के उतार द्या. त्यावर १.५ मिमी जाडीचे एचडीपीई (घट्ट प्लास्टिकचे) अस्तर पसरा, त्याचे सांधे वितळवून जोडलेले हवेत. नुसते एकावर एक चढवलेले सांधे चालणार नाहीत. अस्तरावर ३० सेंमी धुतलेली वाळू आणि वाळूत छिद्रांचे पाइप, ते उताराच्या टोकाच्या टाकीत नेऊन सोडा. वाळू आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर खडीचा पातळ थर. खडी यासाठी, की रोटाव्हेटरचा फाळ खडीला लागला की चालकाला लगेच कळते आणि अस्तर वाचते. चारही बाजूंनी बांध घाला आणि त्यांची उंची त्या भागातल्या मोठ्यात मोठ्या एका दिवसाच्या पावसाचा विचार करून ठरवा. टाकीतले पाणी बाहेर सोडायचे नाही, तेच वाफ्यावर परत शिंपडायचे.

मातीचा थर २० ते ३० सेंमी ठेवा. अवजार जेवढे खोल जाते तेवढीच हवा खोल जाते, त्याखालची माती नुसती पडून राहते. १०० घनमीटर माती २५ सेंमी थरात पसरायला ४०० चौरस मीटर जागा लागेल. जागा कमी असेल तर एक थर साफ झाल्यावर त्यावरच दुसरा चढवता येतो. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी येथील जुन्या लाकूड-प्रक्रिया कारखान्याची माती याच पद्धतीने, थरावर थर चढवत साफ करण्यात आली.

पसरण्याआधी माती ५० मिमीच्या चाळणीतून काढा. औषध प्यायलेले लाकडाचे तुकडे आणि घट्ट डांबराचे गोळे हाताने वेचून वेगळे करा. एक गोळा फुटून वाफ्यात मिसळला, की पुढचे सगळे नमुने बिघडतात.

पाळी घालायची ती वाफशावर. ओली माती फिरवली की तिचे विटेसारखे गोळे होतात आणि त्यांच्या पोटात हवा जात नाही. कोरडी फिरवली तर धूळ उडते आणि त्या धुळीला पीएएच चिकटलेले असतात. मूठभर माती घट्ट दाबा : गोळा झाला पाहिजे, बोटांतून पाणी येता कामा नये, आणि अंगठ्याने टोचल्यावर गोळा सुटला पाहिजे. मोजमापात सांगायचे तर ही ओल जमिनीच्या जलधारण क्षमतेच्या ५० ते ७० टक्के असावी. आठ-पंधरा दिवसांतून एकदा पाळी पुरते. रोज फिरवून वेग वाढत नाही. हलकी संयुगे हवेत उडतात आणि आकडा उगाच खाली गेल्यासारखा वाटतो.

प्रश्न : जिवाणूंना नत्र-स्फुरद किती द्यावे? काहीजण शेणखत भरपूर टाका म्हणतात. आणि वाफ्याऐवजी ढीग केला तर ब्लोअर केवढा लागेल?

हिशेब करूनच द्या. समजा १०० घनमीटर माती आहे, घनता १.६, म्हणजे १६० टन. सेंद्रिय प्रदूषक किलोमागे ५,००० मिग्रॅ, म्हणजे एकूण ८०० किलो. क्रिओसोटमध्ये कर्ब साधारण ९० टक्के धरला तर ७२० किलो. कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण १०० : १० : १ धरल्यास ७२ किलो नत्र आणि ७.२ किलो स्फुरद लागेल. डीएपीच्या पोत्यावरचा ४६ हा आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असतो, शुद्ध स्फुरद त्यात २० टक्केच. म्हणून ३६ किलो डीएपी. त्यातून साडेसहा किलो नत्रही मिळते. उरलेल्या नत्रासाठी १४२ किलो युरिया.

हे सगळे एकदम टाकू नका. ७२ किलो नत्र १६० टनांत म्हणजे किलोमागे ४५० मिग्रॅ. मातीत ओल १५ टक्के असेल तर हे सगळे नत्र तेवढ्याच पाण्यात विरघळते आणि त्या पाण्यात लिटरमागे ३,००० मिग्रॅ होते. २,००० च्या वर गेले की खारटपणामुळे जिवाणूंना पाणी घेणे जड जाते. त्यामुळे खत देऊनही काम मंदावते आणि कारण कळत नाही म्हणून आणखी खत दिले जाते. चार हप्ते करा, दर तीन-चार आठवड्यांनी ३६ किलो युरिया आणि ९ किलो डीएपी. प्रत्येक हप्त्याआधी मातीतले नायट्रेट आणि अमोनिया मोजा. शिल्लक असेल तर तो हप्ता पुढे ढकला. सामू ६ ते ८ मध्ये राहू द्या. युरियाने तो आधी वर चढतो आणि पुढे नायट्रेट तयार होताना खाली येतो, म्हणून एकाच मोजणीवर चुना टाकायची घाई नको.

ताज्या शेणाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : नको. त्यातला सोपा कर्ब जिवाणू आधी खातात, त्यासाठी हवा आणि नत्र संपवतात, आणि पीएएच तसेच राहतात. चिकणमाती मोकळी करायला पूर्ण कुजलेले खत किंवा लाकडाचा स्वच्छ चुरा आकारमानाने १० ते २० टक्क्यांपर्यंत ठीक. मात्र किती घातले ते लिहून ठेवा, त्याचे कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

ढीग करायचा तर उंची २ ते ३ मीटरपर्यंत, तळात छिद्रांचे पाइप, वर ताडपत्री. हवेचा हिशेब असा : एक किलो नॅप्थलीन पूर्ण जाळायला तीन किलो प्राणवायू लागतो. इतर पीएएचना थोडाफार तेवढाच. ८०० किलोला २,४०० किलो. एक घनमीटर हवेत प्राणवायू सुमारे २७५ ग्रॅम असतो, म्हणजे ८,७०० घनमीटर हवा. सहा महिन्यांत विभागली तर दिवसाला ५० घनमीटरही नाही. दिलेल्या हवेतला पाचवा भागच कामी येतो असे धरले, तरी तासाला १० घनमीटर पुरते. बहुतेक ठिकाणी ब्लोअर गरजेपेक्षा फार मोठा बसवलेला आढळतो. मग ढीग आतून वाळतो आणि काम थांबते. ढिगात खोचलेल्या नळीतून हवा ओढून प्राणवायू मोजा. तो ५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढीच अट. १० च्या वर राहत असेल तर ब्लोअर टायमरवर टाका.

प्रश्न : बाजारात 'डांबर खाणारे' जिवाणूंचे कल्चर मिळते. घ्यावे का?

क्रिओसोटसाठी बहुधा गरज नसते. त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या तेच खाऊन जगलेले जिवाणू आधीच आहेत. त्यांना कमी असते ती हवा, ओल आणि नत्र. बाहेरून आणलेले जिवाणू या जागेच्या रहिवाशांपुढे काही आठवड्यांतच मागे पडतात.

पीसीपीची गोष्ट थोडी वेगळी. स्फिंगोबियम क्लोरोफेनोलिकमसारखे जिवाणू पीसीपी खाऊन जगतात, पण ते प्रत्येक जागी असतीलच असे नाही. शिवाय पीसीपी जिवाणूंच्या ऊर्जानिर्मितीवरच घाव घालते, त्यामुळे प्रमाण फार असेल तिथे ते खाणारेही मरतात. अशी माती कमी दूषित मातीत मिसळून सौम्य केल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

विकत घेण्याआधी बरण्यांची चाचणी करा. एकाच ढिगातली, नीट मिसळलेली ५०० ग्रॅम माती प्रत्येक बरणीत. पहिलीत फक्त पाणी, दुसरीत पाणी आणि खत, तिसरीत पाणी, खत आणि कल्चर, चौथीत तीन दिवस लागोपाठ ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवून, निर्जंतुक केलेली माती. प्रत्येकीच्या तीन प्रती, मुदत ८ ते १२ आठवडे. दुसरी आणि तिसरी सारख्याच उतरल्या तर कल्चरचे पैसे वाचवा. चौथीतही आकडा खाली आला असेल तर तेवढा भाग नुसता उडून गेला किंवा मातीत घट्ट बसला, तो जिवाणूंच्या खाती मांडायचा नाही. विक्रेत्याकडे या चौथ्या बरणीचा आकडा आवर्जून मागा.

पीसीपीसाठी आणखी एक खरी-खोटी करता येते. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग क्लोरीन असतो. किलोमागे १०० मिग्रॅ पीसीपी खरेच मोडले, तर सुमारे ६६ मिग्रॅ क्लोराइड सुटलेच पाहिजे. पीसीपी गायब आणि क्लोराइड जागच्या जागी, म्हणजे ते मोडलेले नाही, कुठेतरी गेले आहे.

प्रश्न : अळिंबीचे वापरलेले बेड मातीत मिसळले तर बुरशी पीसीपी खाते असे वाचले. खरे का?

खरे आहे, पण अटींसह. लाकडातले लिग्निन मोडणाऱ्या पांढऱ्या कुजीच्या बुरशीची विकरे फारशी निवडक नसतात, त्यामुळे पीसीपी आणि मोठ्या वलयांचे पीएएचही त्यांच्या तडाख्यात सापडतात. फॅनेरोकीट जातीच्या दोन बुरशी वापरून अमेरिकेत उघड्या जागेवर केलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किलोमागे २५० ते ४०० मिग्रॅ असलेले पीसीपी साडेसहा आठवड्यांत ८८ ते ९१ टक्के घटले.

अट पहिली : बुरशीला रोजचे अन्न वेगळे द्यावे लागते, म्हणजे भुसा, काड किंवा लाकडाचा चुरा. पीसीपीवर ती जगत नाही. दुसरी : तिच्या धाग्यांना वारंवार तोडणे सोसत नाही. बुरशी घातल्यावर वाफ्याला आठवडी पाळी बंद. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : काही बुरशी पीसीपीला मोडण्याऐवजी मिथाइल गट जोडून पेन्टाक्लोरोअ‍ॅनिसोल बनवतात. ते जास्त उडते आणि सजीवांच्या चरबीत साठते. वाफ्यावर कुबट, तळघरासारखा वास येऊ लागला तर हेच कारण असू शकते. प्रयोगशाळेला पीसीपीबरोबर हेही मोजायला सांगा. वर सांगितलेल्या चाचणीतही थोडा भाग असा बदललेला आढळला होता.

अळिंबीचे जुने बेड माती मोकळी करायला चांगलेच असतात. पण बेड हिरव्या-काळ्या बुरशीने भरलेले असतील, तर त्यांत अळिंबीचा जीव उरलेला नाही, नुसता भुसा घातल्यासारखे होईल.

प्रश्न : चार महिने पीएएचचा आकडा झपाट्याने उतरला, मग दोन महिने तिथेच अडकला. काय चुकले असेल?

कदाचित काहीच चुकले नसेल, किंवा पहिले चार महिनेच फसवे असतील. आधी दुसरी शक्यता तपासा.

एकूण पीएएचचा आकडा बाजूला ठेवा आणि एकेका संयुगाचा तक्ता मागवा. बेंझो(जीएचआय)पेरिलीन हे सहा वलयांचे संयुग जिवाणू सहसा सोडून देतात, म्हणून ते मोजपट्टी म्हणून कामी येते. समजा फेनान्थ्रीन (तीन वलयांचे पीएएच) ९०० वरून ४५० झाले आणि बेंझोपेरिलीन २० वरून १० झाले. दोन्ही बरोबर निम्मी! इथे प्रदूषण निम्मे झालेले नाही, त्यात तेवढीच स्वच्छ माती किंवा भुसा मिसळला गेला आहे. फेनान्थ्रीन ९०० वरून ९० आणि बेंझोपेरिलीन २० च्या आसपासच, तर ते खरे काम. रोटाव्हेटर थोडा खोल गेला तरी हा घोळ होतो. घातलेल्या खताची आणि चुऱ्याची नोंद ठेवा म्हटले ते यासाठीच.

काम खरे असेल तर अडकण्याची कारणे या क्रमाने पाहा. नायट्रेट संपले आहे का? माती आतून कोरडी आहे का? दोन्ही ठीक असेल तर माती पाण्याखाली बारीक चाळणीवर धुऊन भिंगाखाली पाहा. वाटाण्याएवढे चकचकीत काळे कण दिसले तर ते डांबराचे आहेत. जिवाणू त्यांच्या पृष्ठभागावरच खाऊ शकतात आणि प्रयोगशाळा मात्र त्यांच्या आतले सगळे विरघळवून मोजते. असे कण चाळून बाहेर काढणे हाच उपाय.

कणही नसतील, तर जे उरले ते चार-सहा वलयांचे आणि वर्षानुवर्षे मातीच्या सूक्ष्म छिद्रांत व सेंद्रिय भागात रुतलेले आहे. ते पाण्यात उतरतच नाही, म्हणून जिवाणूंपर्यंत पोहोचत नाही. साबणासारखी द्रव्ये घालून ते सोडवण्याचा सल्ला दिला जातो. अस्तर असलेल्या वाफ्यातच तो विचार करावा, कारण सुटलेला माल जिवाणूंऐवजी झिरपणाऱ्या पाण्याबरोबरही जाऊ शकतो. अशा उरलेल्या भागासाठी बुरशीचा टप्पा लावणे आम्हाला जास्त पटते.

मधल्या काळात विषारीपणा वाढूही शकतो हे ध्यानात ठेवा. पीएएच अर्धवट मोडून फ्लुओरेनोन, अँथ्राक्विनोन अशी प्राणवायूयुक्त संयुगे बनतात. ती पाण्यात जास्त उतरतात आणि नेहमीच्या १६ पीएएचच्या यादीत मोजलीच जात नाहीत. म्हणून आकड्यांच्या जोडीला गांडुळांची १४ दिवसांची चाचणी आणि बी उगवण्याची चाचणी घ्या.

प्रश्न : आमच्याकडे फक्त सीसीएची जागा आहे. आर्सेनिक शोषणारे नेचे लावले तर?

ते नेचे म्हणजे टेरिस व्हिटाटा. फ्लोरिडातल्या सीसीए कारखान्याच्या सोडलेल्या जागेवरच त्याचा हा गुण लक्षात आला आणि २००१ साली प्रसिद्ध झाला. जागेवरच्या झाडांच्या सुक्या पानांत किलोमागे ३,२८० ते ४,९८० मिग्रॅ आर्सेनिक होते. मुद्दाम आर्सेनिक घातलेल्या मातीत तो आकडा २२,००० च्या वर गेला.

आता वेळेचा हिशेब. एक चौरस मीटर, ३० सेंमी खोल माती सुमारे ४५० किलो. आर्सेनिक किलोमागे १०० मिग्रॅ असेल तर एकूण ४५ ग्रॅम. ते निम्मे करायला २२.५ ग्रॅम काढावे लागतील. वर्षाला चौरस मीटरमागे एक किलो सुकी पाने मिळाली आणि त्यांत ३,००० मिग्रॅ उतरले, तर वर्षाला ३ ग्रॅम. म्हणजे सात-आठ वर्षे, तेही एवढे पीक दरवर्षी आले तर. उथळ, मध्यम दूषित जागेसाठी हा मार्ग चांगला आहे. गाळाच्या खड्ड्यासाठी नाही. कापलेली पाने जाळायची नाहीत, कंपोस्ट करायची नाहीत, जनावरांना लागू द्यायची नाहीत. ती घातक कचरा म्हणूनच द्यावी लागतात.

क्रिओसोट आणि सीसीए एकत्र असलेल्या जागी तर फार जपून. जिवाणूंसाठी घातलेले डीएपी इथे उलटते : फॉस्फेट आणि आर्सेनेट मातीच्या कणांवर एकाच जागेसाठी भांडतात, फॉस्फेट आत बसते आणि आर्सेनिक सुटून पाण्यात येते. भरपूर चुना घालून सामू वाढवला तरी तेच. वाफ्यात पाणी तुंबले तर आर्सेनिक धरून ठेवणारे लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि ते अधिक विषारी, अधिक फिरत्या रूपात बाहेर पडते. आणि परमँगनेट किंवा परसल्फेटसारखे जोरदार ऑक्सिडीकारक घालाल, तर निरुपद्रवी अवस्थेत बसलेला क्रोम विषारी, म्हणजे षट्‌संयुजी होऊन बसेल. अशा मातीत स्फुरद बरणीच्या चाचणीने ठरेल तेवढेच द्या आणि टाकीतल्या पाण्यात दर आठवड्याला आर्सेनिक मोजा.

प्रश्न : काम करणाऱ्यांनी काय जपावे?

क्रिओसोट कातडीला लागून वर ऊन पडले की भाजल्यासारखे चट्टे उठतात. नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्या, सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क हवाच. खणणे शक्यतो सकाळी गारव्यात उरकून ढीग लगेच झाका. कामाचे कपडे घरी न नेता जागेवरच धुवायची सोय करा. पीसीपी आणि क्रिओसोटमधले बेंझो(ए)पायरीन हे पाच वलयांचे पीएएच, दोन्ही माणसात कर्करोग करणारी म्हणून वर्गीकृत आहेत. जेवणापूर्वी नुसते हात पुसणे पुरेसे नाही.

प्रश्न : माती साफ झाली असे केव्हा म्हणावे? त्यात भाजीपाला लावता येईल का?

मर्यादा त्या त्या जागेच्या पुढच्या वापरावरून नियामक ठरवतात, त्यामुळे दुसऱ्या जागेचा आकडा उसना घेऊ नये. आमच्या मते मात्र तीन गोष्टी जुळाव्यात : दोन लागोपाठच्या फेऱ्यांत प्रत्येक संयुग मर्यादेखाली, सरासरी नव्हे तर प्रत्येक नमुना. झिरपलेल्या पाण्यात पीएएच आणि पीसीपी मर्यादेखाली. आणि गांडुळांच्या चाचणीत स्वच्छ मातीइतकाच जगण्याचा दर. भाजीपाल्याचा विचार करू नका. मोठ्या वलयांचे पीएएच, डायॉक्सिन आणि आर्सेनिक यांचा काही अंश राहतोच आणि तो कंदमुळांच्या सालीला व पालेभाजीवर उडालेल्या मातीबरोबर ताटात येतो. रस्त्याचा भराव, वाहनतळाखालची भरणी किंवा वर अर्धा मीटर स्वच्छ माती टाकून लावलेली झाडे, इथपर्यंतच ती वापरावी.